नकलनवीसांची मुकी पेटी

केजच्या कचेरीतले नकलनवीस मोहनराव यांनी सिकंदराबादेहून विजेचं गिटार मागवलं, तेव्हा केज गावात वीज नव्हती. ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. रोज संध्याकाळी कंदिलाची काच ते स्वतः पुसत. पण माणूस एकदा एखादी वस्तू घ्यायची ठरवतो, तेव्हा ती चालणार कशावर हा प्रश्न तो शेजाऱ्यांनी विचारायला ठेवतो, स्वतःला विचारत नाही.

मोठी लढाई नुकतीच संपली होती. सिकंदराबादच्या छावणीतले गोरे शिपाई आपापल्या देशी निघाले होते आणि जे जे जड ते ते मागे टाकून चालले होते. मोहनरावांचा मेहुणा राधाकिशन त्या छावणीत कारकून होता. एका बँडवाल्या गोऱ्याने आपलं गिटार आणि त्याच्या जोडीची पेटी त्याला तुपाच्या डब्यांच्या बदल्यात देऊन टाकली. त्या सौद्यात फसलं कोण, गोरा की राधाकिशन, यावर केजमध्ये पुढे बरेच दिवस खल झाला. फसले असतील तर मोहनराव, असा एक तिसरा पक्षही होता आणि त्याला बहुमत होतं.

बैलगाडीतून सामान उतरलं तेव्हा सगळी गल्ली ओट्यावर जमली. गिटार म्हणजे लाकडाची एक जाडजूड फळी, तिच्यावर सहा तारा. ते मांडीवर आडवं ठेवायचं, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातातला लोखंडी दांडू त्यांच्यावरून सरकवायचा. पेटीला पुढून जाळीचं कापड होतं, आणि पाठीमागे आत काचेचे दिवे ओळीनं बसवले होते. सतरंजी अंथरून मोहनरावांनी दोन्ही वस्तू अशा अदबीनं मांडल्या की जमलेल्या बायकांपैकी एकीनं नकळत पदर सावरला.

शेजारचे धर्मराज सर्वांत पुढे होते. धर्मराज धान्याचे अडते, पण मत द्यायला त्यांना धान्यच लागे असं नाही.

"ह्ये काय आणलं वो मोहनराव?"

"गिटार."

"मंग ती पेटी?"

"वाजवायचं इथं, पण आवाज निघतो त्या पेटीतून."

धर्मराजांनी पेटीभोवती एक पूर्ण फेरी मारली. "आवाज तिच्यातून निघतो, मंग मधी तुमी कावून पायजे? पेटीलाच वाजू द्या की!"

मोहनरावांनी गिटार मांडीवर घेतलं. त्यांनी तार छेडली. विजेविना त्या फळीतून जो आवाज निघाला, त्यापेक्षा डास बरा. लोकांनी माना पुढे केल्या, पोरांना गप्प केलं. मोहनरावांनी पुन्हा छेडली.

"मुकी हाय," धर्मराजांनी निकाल दिला. दिवस मावळायच्या आत बाजारपेठेत, कचेरीत आणि नदीच्या पाणवठ्यावर कळून चुकलं की नकलनवीसांनी सिकंदराबादेहून मुकं वाजिंत्र आणलं आहे.

आता कोणी म्हणेल, मोहनरावांना ही अवदसा आठवली कशी? ते विचारणाऱ्याला सांगत, "संगीतशास्त्राची उन्नती." हे साफ खोटं होतं. मोहनरावांना संगीतशास्त्राच्या उन्नतीची काडीची फिकीर नव्हती. त्यांना बायकोची फिकीर होती.

चंद्रभागाबाई कीर्तनकाराची लेक. वीणेच्या सुरात वाढलेली. मोहनराव संध्याकाळी कचेरीतून आले की सतार घेऊन बसत आणि जेमतेम बरी वाजवत. भाकरी थापता थापता आतून आवाज यायचा, "तार उतरली हाय तुमची." मोहनराव कपाळाला आठ्या घालून खुंटी पिळत. "अजून. अजून थोडी. हां, बास." अशी त्यांची मैफल चाले आणि मैफलीत सर्वांत जास्त बोलणारी व्यक्ती चुलीपुढे असे. मोहनरावांना त्याचा राग येई. आपली बायको आपल्याला वाजवूच देत नाही, असं ते चारचौघांत सांगतही असत.

मग हिवतापाची साथ आली. चंद्रभागाबाई वाचल्या, पण कोयनेलाच्या कडू गोळ्या खाऊन खाऊन कान गेले. पहिल्यांदा कोणाच्या लक्षातच आलं नाही. सतार वाजत राहिली, आतून आवाज येईनासा झाला, आणि मोहनरावांना वाटलं आपला हात सुधारला. कित्येक दिवस ते त्या खुशीत होते. शेवटी त्यांनाच शंका आली. एका संध्याकाळी त्यांनी जाणूनबुजून तार उतरवली, इतकी की गल्लीतलं कुत्रं उठून गेलं. आत भाकरीचा थपथप आवाज तसाच चालू राहिला. मोहनरावांनी सतार खाली ठेवली आणि तिला खोळ घातली ती घातलीच.

एक गोष्ट मात्र चंद्रभागाबाईंना ऐकू येई. गावाबाहेर बंकटशेठच्या सरकी काढायच्या कारखान्याचा, म्हणजे जिनिंगचा, भोंगा. भोंगा झाला की त्या पीठ मळायला घेत. आणि मेहुण्याने पत्रात लिहिलं होतं की त्या गोऱ्याने छावणीत पेटी लावली की पागेतले घोडे दावी तोडत. मोहनरावांनी एवढाच हिशेब केला: भोंगा पोचतो तर ही पेटीही पोचेल.

हे त्यांनी बायकोला सांगितलं का? नाही. कारण त्या घरात काहीही सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागे. आज मिठाचं गाडगं ओघळलंय, इथपासून ते मेहुण्याला मुलगी सांगून आलीय इथपर्यंत मोहनरावांच्या घरातली प्रत्येक गोष्ट आधी धर्मराजांच्या ओट्यावर पोचे आणि मग चंद्रभागाबाईंना कळे. "तुला माझी सतार पुन्हा ऐकू यावी म्हणून आणलंय," हे वाक्य चांगलं आहे, पण ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलून पाहा. सरकारी नोकरीतल्या, डोईला टोपी घालणाऱ्या माणसाच्या तोंडून ते निघत नाही. तेव्हा चंद्रभागाबाईंचा समज एवढाच की नवऱ्याला खूळ लागलं आहे. खूळ तर खूळ म्हणून त्यांनी पेटीवर मिरच्या वाळत घातल्या.

लोखंडी दांडू राधाकिशनने पाठवलाच नव्हता. मोहनरावांनी आधी अडकित्ता लावून पाहिला, मग कुलूप. शेवटी स्वैपाकघरातल्या खलबत्त्यातला पितळी बत्ता हातात बरोबर बसला. तो त्यांनी गुपचूप कचेरीच्या पिशवीत टाकला. त्या दिवसापासून चंद्रभागाबाई बत्ता शोधू लागल्या आणि मोहनरावही त्यांच्याबरोबर फार मनापासून शोधू लागले.

राहिली वीज. इथे धर्मराज मदतीला आले, आणि खरं संकट तिथून सुरू झालं.

"वीज म्हंजे काय, मोटारीत बी असती की," ते म्हणाले. त्यांचा मेव्हणा बीडची मोटार चालवत असे आणि ती मोटार संध्याकाळी धर्मराजांच्याच आवारात मुक्कामाला असे. मेव्हण्याने बॅटरी काढून दिली. धर्मराजांनी धोतराचा सोगा खोचून तारा जोडल्या. ठिणगी उडाली, सोग्याला भोक पडलं, पेटी कोमट झाली, पण बोलली नाही.

"हळूहळू भरंल," धर्मराज म्हणाले. "घागर बी एका धारंत भरत न्हाई. ठिवा तशीच जोडून."

पेटी सकाळपर्यंत तशीच जोडून राहिली. पेटी भरली नाही, बॅटरी मात्र रिकामी झाली. सकाळी बीडच्या मोटारीत प्रवासी बसले, मेव्हण्याने बॅटरी परत बसवून हँडल मारलं, पुन्हा मारलं, मग प्रवाशांनी उतरून ढकललं. मोटार काही सुरू झाली नाही. या प्रवाशांत पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांच्या, म्हणजे फौजदारांच्या, सासूबाई होत्या. महिनाभराच्या मुक्कामानंतर त्याच दिवशी त्या जायच्या होत्या. अमीनसाहेबांनी त्यांना मोटारीत बसवून, सुटकेचा निःश्वास टाकून, घरी जाऊन पहिला चहा मागवला होता. तो येण्याआधी सासूबाई परत आल्या.

अमीनसाहेब मोहनरावांच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सरकारचा राग होता आणि त्याच्या आत जावयाचा.

"मोटर हलीच नई, मोहनराव! बॅटरी कौन खाया?"

मोहनरावांनी पेटीकडे बोट दाखवलं. अमीनसाहेबांनी वाकून मागच्या बाजूने आत पाहिलं. आत ओळीनं काचेचे दिवे, तारांचं जाळं. ते सावकाश सरळ झाले.

"ये तो वायरलेस हैं."

"साहेब, बाजा हाय. गिटार."

"तो बजाओ."

"बिजली नहीं हैं, साहेब."

"हौ! बिजली नहीं, आवाज नहीं, और बोलते बाजा हैं. लढाई में येइच पेटियाँ पकडी जाती थीं. लायसन हैं?"

ओट्यावरून धर्मराजांनी मदत केली. "साहेब, मी पयल्या दिवशीच म्हन्लो व्हतो, ही पेटी काई तरी वायली हाय, बाजाची न्हाई!"

पेटी आणि गिटार ठाण्यात जमा झालं. गल्लीतून जाताना शिपायाच्या डोक्यावर पेटी, मागे अमीनसाहेब, त्यांच्यामागे मोहनराव, आणि त्यांच्यामागे चंद्रभागाबाई, ज्यांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं आणि ज्या फक्त एवढंच विचारत होत्या, "अहो, माझ्या मिरच्या कुठं न्यायलेत?"

बिनपरवान्याचं वायरलेस म्हणजे नोकरी गेली, हे मोहनरावांना कोणी सांगायला नको होतं. तसे हुकूम त्यांनी स्वतःच्या हाताने नकलून काढले होते. म्हणून त्यांनी रीतसर दरख्वास्त लिहिली, पेटी वायरलेस नाही, बाजा आहे, असा अर्ज. कचेरीत कागद उर्दूतच चाले, आणि त्यांचं उर्दू असं वळणदार की कागद वाचण्यापेक्षा पाहावा. दरख्वास्त तहसीलदारांपुढे गेली. तहसीलदारांनी कायद्याप्रमाणे शेरा मारला, नक्कल जोडून सादर करावी. आणि नक्कल करण्यासाठी कागद फिरून मोहनरावांच्याच मेजावर आला.

आता मोहनराव वीस वर्षं मुरलेले नकलनवीस. कागद हातात आला की त्यात खोड दिसायचीच. त्यांनी चष्मा लावला, स्वतःची दरख्वास्त वाचली आणि सवयीने हरकत लिहिली, 'वस्तूचं वर्णन अपुरं. ही वस्तू आवाज करते म्हणतात, त्यास पुरावा जोडलेला नाही.' खाली सही केली. कागद अर्जदाराकडे परत पाठवला. अर्जदार घरी जेवायला बसला असता शिपाई कागद घेऊन आला. अर्जदाराने हरकत वाचली आणि असा कागद काढणाऱ्या इसमाच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग खालची सही पाहिली.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले, स्वतःच्या रिकाम्या खुर्चीसमोर काही वेळ उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खेड्यापाड्यातून येऊन त्या जागी ताटकळणाऱ्या माणसांची दया आली. ती दया तशी फार टिकली नाही, पण आली होती हे नोंदवायला हवं.

तोडगा शेवटी अमीनसाहेबांनीच काढला. पेटी ठाण्यात आल्यापासून शिपाई तिच्याजवळ बसायला घाबरत होते. "दसरे को बंकटशेठ का जिनिंग चालू होता. वहाँ बिजली हैं. सब के सामने बजाओ. गाना निकला तो बाजा, पेटी तुम्हारी. नहीं निकला तो..." पुढचं वाक्य त्यांनी मिशीला सांगितलं.

मोहनराव बंकटशेठकडे गेले. बंकटशेठ देवभोळा माणूस. जिनिंगचं तेलाचं इंजिन, त्यावर फिरणारा डायनामो, आणि कारखान्यातले चार विजेचे दिवे हे त्यांना लेकरांसारखे.

"वीज घ्या, खुशाल घ्या," ते म्हणाले. "पर एक हाय. माझ्या इंजनावर बिगर पुजेची वस्तू चालत न्हाई. खंडेनवमीला इंजनाची पूजा व्हती, तव्हा पेटी बी पुजंत ठिवायची. आन् एकदा पुजंत बसली की दसऱ्याच्या मुहूर्तापतूर हात लावायचा न्हाई. इंजनाला बी न्हाई, पेटीला बी न्हाई."

ही अट सगळ्यांना ठाऊकच होती. नवमीला आपल्याकडे विळा, कोयता, तराजू, दौत-लेखणी, ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं पुजेला बसतं आणि एक दिवस विश्रांती घेतं. त्या दिवशी न्हावी दाढी करत नाही आणि नकलनवीस नक्कल करत नाही. पेटीनं तर आल्यापासून विश्रांतीच घेतली होती, आणखी एक दिवस घेईल, असं म्हणून मोहनरावांनी मान्य केलं. आदल्या दिवशी एकदा वाजवून पाहावं हा त्यांचा बेत मात्र बारगळला.

नवमीला जिनिंगवर शेणाचा सडा पडला. धुऊन पुसून चकचकीत केलेल्या इंजिनाला हार घातला. त्याच्या शेजारी पाटावर ठाण्यातून आणलेली पेटी, पेटीवर गिटार. पूजेला गल्लीतल्या बायका आल्या आणि त्यांत सर्वांत पुढे ताट घेऊन चंद्रभागाबाई होत्या. नवऱ्याची नोकरी या पेटीवर अडकली आहे, एवढं त्यांना ठाण्यावरच्या गर्दीकडे पाहून कळलं होतं. देव ऐकतो का हा प्रश्न त्यांच्या मनात कधी आला नाही. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून देवालाही येत नसेल, असं मानणाऱ्या त्या नव्हत्या.

म्हणून त्यांनी पूजा हातचं न राखता केली. पेटीच्या जाळीवर हळदीकुंकवाची बोटं ओढली. मागच्या बाजूला वाकून आतल्या प्रत्येक दिव्याशी एक एक झेंडू खोचला, कारण दिवा म्हटला की फूल आलंच. मग त्यांनी नारळ उचलला.

मोहनराव पुरुषांच्या बाजूला उभे होते. बत्ता पिशवीत, पिशवी काखेत. नारळ वर जाताना दिसला तसे ते ओरडले. "अगं, पेटीवर नको! पाणी नको!"

तो ओरडा बंकटशेठने ऐकला, अमीनसाहेबांनी ऐकला, कापसाच्या गाड्यांच्या बैलांनी कान टवकारले. ज्या एका माणसाला तो ऐकू जायला हवा होता त्या माणसाने भक्तिभावाने नारळ पेटीच्या कोपऱ्यावर आपटला, आणि पाणी जाळीच्या कापडावर सोडलं. कापडाने ते मुकाट पिऊन टाकलं.

मोहनराव पुढे धावले. बंकटशेठने त्यांचा दंड धरला. "हां हां! आता हात न्हाई लावायचा. उद्याच्याला."

त्या दिवशी मोहनरावांना जेवण गेलं नाही. चंद्रभागाबाईंनी कौतुकाने विचारलं, "पूजा चांगली झाली न्हाई का?" मोहनरावांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

दसऱ्याला अख्खं केज जिनिंगवर लोटलं. कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. बायका एका बाजूला कापसाच्या बोंदऱ्यांवर, म्हणजे मोठ्या गाठोड्यांवर, बसल्या. अमीनसाहेब मधोमध खुर्चीवर, बाजूला शिपाई. त्यांच्या सासूबाईही आल्या होत्या, कारण मोटार दुरुस्त झाली तरी सण टाकून कोण जातं? इंजिन चालवणारा शहादेव नवा शर्ट घालून आला होता आणि दर थोड्या वेळाने सगळ्यांना मागे सरकवत होता.

"पेटी फुटंल का रे?" धर्मराजांनी विचारलं.

"फुटाया न्हाई पायजे," शहादेव म्हणाला आणि स्वतः इंजिनाच्या मागे जाऊन उभा राहिला.

इंजिन फुरफुरलं, दमलं, पुन्हा फुरफुरलं आणि लागलं. कारखान्यातले चार दिवे पेटले. टाळ्या झाल्या. शहादेवने पेटीच्या तारा जोडल्या. मोहनरावांनी गिटार मांडीवर घेतलं आणि ते पेटीकडे बघत बसले. काही झालं नाही. लोक वाट पाहत राहिले. अमीनसाहेबांनी मिशीला हात घातला.

मग धर्मराज ओरडले, "आत जाळ लागला!"

जाळ नव्हता. काचेचे दिवे तांबडे होऊ लागले होते. मुलं टाचा उंचावून बघू लागली. त्याबरोबर झेंडू भाजल्याचा वास आला. मग ओलं खोबरं भाजल्याचा. पेटीतून धुराची एक बारीक वेल वर चढली आणि दोन-तीन म्हाताऱ्यांनी आरती समजून हात जोडले. आणि पेटीतून घुर्र असा एक आवाज यायला लागला, झोपेतल्या जनावराचा असतो तसा.

नोकरी, पेन्शन, तहसीलदार, सगळं एकदम मोहनरावांच्या डोळ्यांपुढे आलं. पिशवीत हात घालून त्यांनी बत्ता काढला, तारांवर टेकवला, आणि देवाचं नाव घेऊन छेड मारली.

त्या दिवशी केजवर जे निघालं ते त्या गोऱ्यानेही कधी काढलं नसेल. नारळाच्या पाण्याने पेटीतला, जाळीमागचा आवाज काढणारा कागदी पडदा भिजून, वाळून, फाटला होता. त्यातून सूर निघाला तो घोगरा, फाटका, गुरगुरणारा, पण अफाट. पत्र्याचं छप्पर थरथरलं. बैल उधळले आणि दोन गाड्या कापसासकट माळाकडे निघाल्या. सासूबाई उठून जावयाच्या खुर्चीमागे गेल्या. धर्मराज कुठे गेले ते दिसलंच नाही. मोहनराव मात्र थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा सुरू करायची हिंमत झाली नसती. त्यांनी भूप धरला, संध्याकाळी सतारीवर वाजवायचे तोच, आणि बत्ता तारांवरून सरकवत नेला. त्या राक्षसी आवाजातून वेडावाकडा का होईना, पण भूप बाहेर येऊ लागला. लोक जागच्या जागी उभे राहिले.

अमीनसाहेबांनी कानांवरचे हात काढले. त्यांनी ऐकलं. मग ते उठले आणि शिपायाला म्हणाले, "लिखो. वायरलेस नहीं. बाजा हैं. वायरलेस इतनी तकलीफ नहीं देता."

नोकरी वाचली होती. पण मोहनरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. वाजवता वाजवता ते बोंदऱ्यांकडे बघत होते. इतर बायकांनी पदराने कान झाकले होते. चंद्रभागाबाई मान खाली घालून बसल्या होत्या. मोहनरावांनी छेड जोरात मारली. मान वर झाली नाही. पुन्हा मारली, आणखी जोरात. त्यांना वाटलं, संपलं. भोंगा पोचतो, पण आपण नाही पोचत. बत्ता त्यांच्या हातात जड झाला.

तेवढ्यात चंद्रभागाबाई उठल्या. मान खाली होती ती ऐकण्यासाठी होती, हे मोहनरावांना त्यांचा चेहरा पाहून कळलं. कपाळाला आठी होती. कित्येक वर्षांत न पाहिलेली, मोहनरावांच्या ओळखीची आठी. सगळं गाव, ठाणं आणि कचेरी बघत असताना त्या बाई पुरुषांच्या घोळक्यातून सरळ चालत आल्या, पेटीसमोर उभ्या राहिल्या, आणि ज्यांना ऐकू येत नाही अशी माणसं बोलतात त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"तार उतरली हाय तुमची!"

मोहनरावांनी तारांवरचा बत्ता उचलला.

"क्या बोले बाई?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"तार उतरी बोले, साहेब," शहादेव म्हणाला.

"तो चढाओ ना, मोहनराव! सरकार के सामने उतरा हुवा बजाते?"

मोहनरावांनी खुंटी धरली. चंद्रभागाबाई कान पेटीकडे करून उभ्या होत्या. "ती न्हाई, तिसरी. हां. अजून. अजून थोडी." माळावरून कोणीतरी बैलांना हाका मारत होतं, तेवढाच काय तो आवाज. "अजून... बास."

मोहनरावांनी छेड मारली. सूर लागला होता. चंद्रभागाबाईंनी समाधानाने मान डोलावली आणि परत जायला वळल्या. मग त्यांची नजर नवऱ्याच्या डाव्या हाताकडे गेली आणि त्या थबकल्या.

"अहो! त्यो माझा बत्ता हाय! मी घरभर धुंडाळती आन् तुमी बी माझ्यासंगं माळ्यावर चढून धुंडाळता?"

गावानं हसून घेतलं. अमीनसाहेबही हसले, सासूबाईंकडे एकदा बघून. मोहनरावांना तिथल्या तिथे पुष्कळ काही सांगायचं होतं. हे सगळं कशासाठी केलं ते ओरडून सांगायलाही आता त्यांची हरकत नव्हती, सगळ्या गल्लीनं ऐकलं तरी. पण चंद्रभागाबाई बोंदऱ्यांकडे परत निघाल्या होत्या, म्हणून त्यांनी मान खाली घातली आणि दुसऱ्या हाताने चौथी तार हळूच उतरवून ठेवली.